दिल्लीच्या प्रयोगशाळेत आईचं नाव लावताना

आई शिकली त्या दिल्लीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं आता विद्यापीठ झालंय. तिथे तिच्या विभागाच्या इतिहासाचं दालन उघडल्याचं कळलं आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नुकतीच चालू लागलेली आई म्हणाली, "तिकिटं काढ."

फेब्रुवारीत नाशिकहून निघालो. पहाडगंजात उतरलो. हॉटेलं स्वस्त, मेट्रो जवळ. पण वयस्कर माणूस सोबत असेल तर लिफ्टची चौकशी आधी करा. आम्ही केली नव्हती. आई कठडा धरून तिसरा मजला चढली.

सकाळी छोले-कुलचे खाऊन रिक्षाने विद्यापीठात. दालन खरंच पाहण्यासारखं आहे. सुरुवातीच्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन, भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारा पहिला कॉम्प्युटर, मग हळूहळू वाढत गेलेलं संशोधन. मधोमध काचेच्या भिंतींचा लांबलचक पाट, नदीतला गाळ कसा वाहतो ते अभ्यासण्यासाठी बनवलेला. एम.टेक.ला असताना आईने आणि तिचा वर्गमित्र हरजीत याने तो बांधला होता. पाटीवर नाव मात्र एकट्या त्यांच्या सरांचं.

आईने तडक विभागप्रमुख मॅडमना गाठलं.

"मॅम, रेकॉर्ड में तो यही है," त्या अदबीने म्हणाल्या. "सर खुद कह दें तो बदल देंगे."

"कुठे राहतात सर?" आई घाईत मराठीतच बोलली. मग हिंदीत पुन्हा विचारलं.

द्वारका, दिल्लीचंच उपनगर! मेट्रोची ब्लू लाइन थेट जाते, पण स्टेशनपासून सोसायटी लांब निघाली. "उद्या जाऊ या का?" मी म्हटलं. आई पुढे चालायला लागली होती.

थकलेल्या सरांनी तिला लगेच ओळखलं.

"सर, वो पाट किसने बनाया था?"

"तुमने और हरजीत ने. मैं तो कहता था, टपकेगा."

"टपका था, सर. फिर खोला, फिर जोड़ा."

सर खळखळून हसले. पाटीचं कळल्यावर मात्र गंभीर झाले आणि तिथूनच मॅडमना फोन लावला.

लाल किल्ला, कुतुबमिनार, सगळं राहूनच गेलं. पण मला त्याची हळहळ नाही. माझी आई होण्याआधी ती इंजिनिअर होती, हे मला या प्रवासात दिसलं.

परवा नव्या पाटीचा फोटो आला. हरजीतकाका आता नाहीत. आईने फरिदाबादला त्यांच्या बायकोला फोन केला.

"भाभी, इतवार को बच्चों को लेकर देख आइए. हरजीत का नाम मैंने पहले लिखवाया है."