मौनभोजनाचा मान

समई चिंचेने अर्धीच घासून झाली होती, एक अंग लखलखीत, दुसरं अजून काळं. तेवढ्यात अन्नपूर्णाचे हात थांबले. तिच्या सासूबाई, माई, दारात उभ्या राहून शेजारच्या मिसराईनला सांगत होत्या, "हमारी छोटी बहू तो तपस्विनी है!"

तपस्विनी! अन्नपूर्णाने चिंच अशी काही दाबली की कोळ मनगटापर्यंत ओघळला.

काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या या घरात लग्न होऊन आल्यापासून सोवळ्याचा स्वयंपाक तिने केला. कार्तिकी द्वादशीचा बिंदुमाधवाचा नैवेद्य तर तिच्याच हातचा ठरलेला. आणि आषाढात धाकटी जाऊ मधुवंती जेवताना बोलेनाशी झाली. मग एकदाच जेवू लागली, मग तेही चार घास. माई हरखल्या. चातुर्मासाचा नेम! मौनभोजन, वर एकभुक्त, आणि कुणाला सांगणं नाही की मिरवणं नाही. "बोलून दाखवणाऱ्या पुष्कळ असतात," असं त्या अन्नपूर्णाकडे न बघता म्हणत. काल तर त्यांनी जाहीरच केलं की यंदाचा नैवेद्य मधुवंतीच्या हातचा.

आणि अन्नपूर्णाचं काय? चैत्रात तिची आई नाशिकला वारली. दिवस झाले आणि तिच्या हातात पुन्हा लाटणं आलं. पोळ्या लाटता लाटता ती रडायची. पण वानराने माईंचा चष्मा पळवला तेव्हा ती पोट धरून हसली होती, आणि हसले म्हणून पुन्हा रडली होती. तेव्हा कोण म्हणालं तिला तपस्विनी? मधुवंतीला मात्र अंथरुणात चहा!

हात न धुताच ती वर गेली. मधुवंती खिडकी लावून भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांना किती दिवस फणी लागली नव्हती, देव जाणे.

"जाऊबाई, संकल्प कधी सोडलात हो? मौनाच्या उद्यापनाला घंटा दान द्यायची असते, आणवलीत का?"

"कसली घंटा, ताई?"

"नेमाची!"

"नेम नाही काही. तोंडाला चव नाही. बोलायला शब्द जुळवावे लागतात, तेवढंही होत नाही."

"अगं, मग माईंना सांगायचंस!"

"त्या खूश होत्या. माझ्यामुळे कुणी खूश आहे, एवढं तरी..." ती भिंतीकडून वळली. मग म्हणाली, "तुम्ही रडत होतात ना चैत्रात, मला हेवा वाटायचा. तुमचं रडू यायचं आणि जायचं. तुम्ही हसलातसुद्धा. माझ्यात काही येत नाही, काही जात नाही. माझं तर कुणी मेलंही नाही."

अन्नपूर्णा तिच्या उशाशी बसली. हेवा? हिला, आपला?

"ही खिडकी का लावलीस?"

"गंगा दिसते. माझा मला भरवसा नाही, ताई."

अन्नपूर्णाने चिंचेच्या हातानेच तिचा हात धरला आणि तिला खाली स्वयंपाकघरात आपल्याजवळ आणून बसवलं. पाट ओट्याला टेकवून दिला. मग माईंना हाक मारली.

"माई, हा नेम नाही. आजार आहे. डॉक्टरला दाखवायला हवं."

"देवाचं करते ती, आणि तुला बघवत नाही," माई कडाडल्या. "नैवेद्य हातचा गेला म्हणून हिला वेडी ठरवतेस?"

खोटं काय बोलल्या त्या? अन्नपूर्णाचे कान तापले. या क्षणीही नैवेद्याची कळ छातीत होतीच.

"नव्हतं बघवत. अजूनही नाही बघवत," ती म्हणाली. "नैवेद्य तिला द्या, वाटलं तर मला बिंदुमाधवाच्या देवळातसुद्धा पाठवू नका. पण मी दुःखी होते माई, आणि तरी पोळी गोड लागत होती. हिला काहीच लागत नाही. विचारा तिलाच."

माईंनी मधुवंतीकडे पाहिलं. मधुवंतीने मान वर केली नाही, पण हळूच म्हणाली, "ताई खरं सांगतात."

माईंनी जपमाळ गोमुखीत ठेवली. मग त्या मधुवंतीशेजारी बसल्या.

अन्नपूर्णाने मधुवंतीच्या नवऱ्याला, विश्वेशला, रेल्वेच्या ऑफिसात फोन लावला. "भाऊजी, आत्ता निघून या. मधुवंतीला घेऊन मोठ्या अस्पतालात, मनाच्या डॉक्टरकडे जायचंय. मी रिक्षा बघायला नाक्यावर जाते."