जिथे एसटी जात नाही ते वाचनालय

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर ओल्या बांधीतून (भातखाचरातून) बगळा चालून गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पण मी भंडाऱ्याला जाऊन आले, आणि तिथून पुढे अशा एका ठिकाणी जाऊन आले जिथे एसटी जात नाही. तिथे काय घडलं ते मला तोंडानं कोणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

सिहोऱ्याहून सकाळची गाडी धरली. सोबत आमच्या गावच्या वाचनालयाच्या वंदनाताई होत्या. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दोन चष्मे. पुढच्या सीटवर माझे भासरे (नवऱ्याचे थोरले भाऊ) टोपी सारखी करत बसले होते. ते आमच्या ढिवर लोकांच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. आमच्याकडे भावसून (धाकट्या भावाची बायको) भासऱ्यासमोर बोलत नाही, आपली सावलीही त्यांच्यावर पडू देत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी माझा आवाज ऐकलेला नव्हता. ते घरात आले की माझ्या बांगड्या वाजतात, मी नाही. ताईंच्या सोबतीला म्हणून मी आले आहे, एवढंच त्यांना माहीत होतं.

आता चष्म्याचं सांगते. तो डोळ्यांवर बांधला की समोर दुसरंच गाव उभं राहतं. खरं नाही, पण दिसतं. आपल्या जागी तिथे एक बाहुली असते. आपण मान वळवली की तीही वळवते, आपण बोललो की आपला आवाज तिच्यातून निघतो. चष्मा नसेल तर साध्या फोनवरूनही आत जाता येतं. बऱ्याच संस्थांनी आणि वाचनालयांनी तिथे जागा घेतली आहे. आमच्या वाचनालयानंही घेतली. ताईंनी तिथे आमच्या तलावासारखा तलाव करवून घेतला आणि त्याच्या पाळीवर (बांधावर) पुस्तकांची एक खोली. चष्म्यांना पैसे मच्छीमार संस्थेनं उसने दिले होते. पण मागच्या सभेत भासरे म्हणाले, "हाच पैसा जाळ्याले लावला असता तं मासे तरी भेटले असते. ह्या डबड्यातून काय भेटून राहिलं?" म्हणून आज भंडाऱ्याच्या मेळाव्यात ते स्वतः पाहणार होते. फायदा दिसला तर चष्मे राहतील, नाही तर विकून पैसे परत.

चष्मे गेले असते तर माझा बुधवार गेला असता. गावच्या वाचनालयात बाकांवर माणसं पेपर वाचत बसतात. मी कधी उंबरठा ओलांडला नाही. दारातूनच पुस्तक मागायची. एकदा ताईंनी मला मागच्या खोलीत नेऊन चष्मा बांधला. मला वाटलं, हा तर पदरच. तोंड सगळं झाकलं गेलं. मग त्यांनी पुढे धरलेली गोष्ट मी मोठ्यानं वाचली, अडखळत, अक्षरं जोडत. तिथे नागपुरात दिलेली आमच्या गावची एक लेक होती. ती म्हणाली, "अशीच हळू वाच व मावशी. लवकर वाचलं तं मले समजत नाही." तेव्हापासून दर बुधवारी दुपारी मी वाचते. रायपूरला दिलेल्या पोरी येतात, पुण्याच्या एका होस्टेलात स्वयंपाक करणारी येते. कांदे चिरता चिरता ऐकतात. गावातल्या बायांना हे माहीत होतं, पुरुषांना नाही.

गाडी निघाली. धान निसवायला लागलं होतं, दोन्हीकडे हिरव्यावर पिवळी झाक. तलावांत शिंगाड्याचे वेल पसरलेले. माझ्या शेजारी टोपली घेतलेली एक म्हातारी बसली.

"कुटं चालली व बाई? दवाखान्यात का?"

"नाही. वाचायला."

"वाचायले कोनी एसटीनं जाते का बाप्पा!" ती हसली. पण मी उकडलेले शिंगाडे पुढे केले तेव्हा तिनं ओंजळ धरली.

तुमसरला गाडी थांबली. ताईंनी आलूबोंडे आणले, कागद तेलानं पारदर्शक झालेला. भासऱ्यांची पाठ आमच्याकडे होती, म्हणून मला पोटभर खाता आलं.

भंडाऱ्यात उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रिक्षावाल्यानं आधी भलत्याच कचेरीसमोर सोडलं. मग उन्हानं तापलेल्या रस्त्यानं पितळी भांड्यांच्या दुकानांपुढून मी अनवाणी चालले. हंडे, गुंड (घागरी) असे चमकत होते की प्रत्येकात माझं वाकडं तोंड दिसत होतं. सभागृहाच्या दारात तर पाय लपवावे कुठे हे कळेना.

आत बरीच वाचनालयं आणि संस्था आल्या होत्या. ज्यानं त्यानं आपली आभासी जागा दाखवायची होती. ताईंनी मला चष्मा लावून दिला आणि आम्ही फिरायला निघालो. तिथे बाहुल्यांना पायच नसतात, कमरेपर्यंतच असतात. माझ्या अनवाणी पायांची लाज तिथेच गळून पडली. एका वाचनालयानं संगमरवरी पायऱ्या, झुंबरं, छतापर्यंत कपाटं केली होती. आत चिटपाखरू नव्हतं.

"किती सुरेख आहे!" ताई म्हणाल्या. "कोण येतं इथं?"

"अजून कोणी नाही," तिथले सर म्हणाले. "पण बांधकाम पूर्ण झालंय."

पुढे एका संस्थेचं कार्यालय होतं. टेबलामागे एक बाहुली बसवलेली. काहीही विचारा, ती मान हलवायची आणि म्हणायची, कार्यालयीन वेळेत भेटा. दुपारची वेळ होती.

मग आमची पाळी. ताईंनी मला बाजूच्या खोलीत पडद्याआड बसवलं. हातात पुस्तक आणि चष्म्याच्या खालच्या फटीतून दिसेल एवढा उजेड. बुधवार नव्हता, तरी आमच्या लेकी आल्या होत्या. मी एका म्हातारीच्या शेळीची गोष्ट वाचायला लागले. शेळी बाजारात हरवते तिथे आले, आणि पाळीवर एक निळी बाहुली येऊन उभी राहिली. आधी आभाळाकडे पाहिलं, मग कपाटाला धडकली.

"हं... कुटं आलो गा मी?"

तो आवाज भासऱ्यांचा होता. ताईंचा चष्मा आता त्यांच्या डोळ्यांवर होता.

माझा हात आपोआप वर गेला आणि मी चष्म्यावरून पदर ओढला. माझी बाहुली पुस्तकांच्या कपाटामागे गेली.

"मावशी, कुटं लपली व?" रायपूरची विचारू लागली.

"रेंज गेली असंल तिची," पुण्याची म्हणाली.

निळी बाहुली खोलीभर वळून पाहत होती. "बाई, काहून थांबली? आयकून राहिलो ना आमी. शेळी भेटली का नाही?"

मी गप्प राहिले तर ताई दोन्ही चष्मे पिशवीत भरणार होत्या, ते परत निघणार नव्हते. आणि बोलले तर ते भासऱ्यांसमोर जाणूनबुजून बोलणं झालं असतं. कपाटामागून मी खाली पाहिलं. जमिनीवर पुस्तकांची सावली नव्हती, तलावाच्या पाळीची नव्हती, माझीही नव्हती. त्या गावात कोणाचीच सावली पडत नाही. तोंड माझं झाकलेलं होतं. मग रीत मोडली कुठे?

मी बाहेर आले आणि शेळी सापडेपर्यंत वाचलं.

भासरे म्हणाले, "गोष्ट चांगली हाये. पन बाई, ह्याचा फायदा काय ते सांग. वाचनालय गावात हायेच ना."

"आहे जी," मी म्हटलं. "पण त्याच्या दारातून मला कधी आत जाता आलं नाही. बाकावर माणसं असतात. इथे आले. ह्या लेकी परगावी आहेत, त्यांनाही त्या दारात येता येत नाही. त्या इथे येतात. आताच दोन जागा पाहिल्या, आमच्यापेक्षा सुंदर, आणि रिकाम्या. नुसती जागा बांधून काही होत नाही जी. ठरलेल्या दिवशी कोणीतरी तिथे बसलेलं असावं लागते."

"आनि मले तलावाची पाळ दिसते ना, काकाजी!" नागपूरची मधेच ओरडली.

भासरे हसले. मग गावात सगळे विचारतात तेच त्यांनी विचारलं, "कोन्या घरची व तू?"

खोटं बोलणं मला जमलं नसतं. "तुमच्याच घरची आहे जी."

मग ती निळी बाहुली हळूच वळली आणि आमच्याकडे पाठ करून तलावाकडे पाहत राहिली. तिकडूनच आवाज आला. आता तो माझ्याशी नव्हता, नागपूरच्या लेकीशी होता.

"आनखी एक गोष्ट वाचा म्हना तिले."

मी आणखी एक वाचली. चौथीत गुरुजींनी उभं करून वाचायला लावलं तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सभागृहात मी ताईंच्या मागे पदर हनुवटीपर्यंत ओढून उभी राहिले. भासरे भिंतीकडे तोंड करून ताईंना म्हणाले, "चष्मे राहू द्या. पन पैसा साऱ्या ढिवरांचा हाये, फेडा लागन."

"फेडू जी," ताई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत खूप गर्दी होती. भासऱ्यांनी आपली जागा धरून ठेवली, ताईंना खुणेनं दाखवली, आणि स्वतः पार दाराशी जाऊन उभे राहिले. मी त्या जागेवर बसून खिडकीतून मावळतीच्या उन्हातली धानं पाहत आले. अनवाणी गेले, अनवाणी आले, पण पाय लपवावेसे वाटले नाहीत.

संस्थांनी आणि वाचनालयांनी त्या न दिसणाऱ्या गावात जावं की नाही, हे शिकलेले लोक ठरवतील. मला एवढंच कळलं की खऱ्या दारातून कोण आत येत नाही हे आधी पाहावं. कोणीच अडलेलं नसेल तर झुंबरं लावून काय करायचं? आमच्याकडे अडलेल्या होत्या, म्हणून आमचं चाललं. परगावच्या लेकींनी आपणहून वर्गणी द्यायला सुरुवात केली. त्यांच्या मैत्रिणी आल्या, त्यांच्या सासवाही आल्या. वाचनालयात बायांची नावं कधी नव्हती एवढी झाली, आणि त्याच वर्गणीतून संस्थेचे पैसे थोडे थोडे जात राहिले.

शेवटचा भरणा होता तेव्हा ताईंना ताप होता. म्हणून मीच तलावाच्या पाळीवरच्या संस्थेच्या खोलीत गेले. खरी पाळ, खरं ऊन. माझी सावली आत पडू लागली तशी मी उंबरठ्याबाहेर एका अंगाला सरकले. भासरे एकटेच होते. मला पाहून त्यांनी खुर्ची कपाटाकडे वळवली.

त्या दिवशी चष्मा नव्हता. बांगड्या वाजवाव्या असं मनात आलं. पण मी तोंडानं म्हटलं, "शेवटचे पैसे आणले जी," आणि पाकीट दारातल्या स्टुलावर ठेवून मागे झाले.

ते उठले, पाकीट घेतलं, परत कपाटाकडे तोंड करून बसले. सावकाश मोजले. रबर लावलं.

"पूर्न फिटले म्हना तिले," भासरे म्हणाले.

खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.