येव्हरिंगच्या माळावरची जागा

सुधा गेल्याचा फोन अनयाने केला. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला राग आला... नॉटिंगहॅमच्या एकाच हॉस्पिटलात आम्ही दोघींनी पस्तीस वर्षं ड्यूट्या केल्या, एकमेकींची बाळंतपणं काढली, आणि ती गेल्याचं मला वॉटफर्डच्या एका पोरीने सांगावं? अनया इंग्लंडमध्येच जन्मलेली, इतिहासाची शिक्षिका. सुधाची ना मुलगी, ना भाची. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, एवढंच.

तशी चूक माझीच. निवृत्तीनंतर सुधाला जुन्या इंग्लंडचं वेड लागलं. एकदा ती मला नॉर्दम्बरलंडमध्ये येव्हरिंगला घेऊन गेली. चौदाशे वर्षांपूर्वी तिथे अँग्लो-सॅक्सन राजांचा लाकडी राजवाडा होता. आता माळ, मेंढ्या आणि वारा. दालनाचं दार जिथे असावं तिथे सुधाने बूट काढले आणि ओल्या गवतात मोजे भिजवत आत शिरली. "कुणाचं का असेना, घर आहे," म्हणाली. मी बाहेरच उभी. "चार तास गाडी हाकून मला गवत दाखवायला आणलंस?" ती हसली, पण पुढच्या वर्षी तिने मला विचारलं नाही. अनयाला नेलं, आणि मग दरवर्षी तिलाच. अनया मंडळात "आमचा राजवाडा" म्हणायची तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझे गुडघे दुखतात, मला कुठे जमतंय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. कोल्ह्याला द्राक्षं आंबट!

सहा आठवड्यांनी अनया म्हणाली, "मावशी, सुधामावशीसाठी एकदा जाऊया." नाही म्हणवेना. तिथे ती घरातल्यासारखी फिरत होती. इथे चूल, इथे राजाचं आसन... मी चिडून दिसेल तिथे टेकायला लागले.

"तिथे नको, मावशी. तुमचा जागा इकडे आहे, चुलीजवळ."

"माझी?"

"सुधामावशी एव्हरी टाइम तिथे शाल पसरायच्या. 'ती रुसलीय, येईल आपणहून,' म्हणायच्या. मी एकदा बसले तर प्रॉपर रागावल्या. सेव्हन इयर्स, मावशी! मला कधीच बसू दिलं नाही."

तिचा आवाज चढला होता. तो आवाज मला चांगलाच ओळखीचा होता, माझाच.

मी त्या जागेवर जाऊन बसले. पोटभर रडले. अनयाला शेजारी बस म्हणायला मात्र बराच वेळ लागला.