खांबाची सावली

आमच्या बसथांब्यावर सकाळी दहाला माणसं एकामागे एक, अगदी सरळ रांगेत उभी असतात. शिस्त वगैरे काही नाही. विजेच्या खांबाची सावली तेवढीच रुंद आहे. ती सरकली की अख्खी रांग न बोलता थोडी बाजूला सरकते.

गेल्या वर्षीपर्यंत इथे करंजाचं झाड होतं. त्याच्याखाली माणसं घोळक्यानं, गप्पा मारत कशीही उभी राहायची. पण फुलं गाड्यांवर पडतात, कचरा होतो, म्हणून आमच्या सोसायटीनं अर्ज करून ते तोडायला लावलं. फुलांचा म्हणे कचरा! डोकं फिरतं माझं. इतकी वर्षं सावली कुणाला दिसली नाही, खाली पडलेलं मात्र रोज दिसलं.

दारोदार फिरून त्या अर्जावर सह्या गोळा करणारे देशमुखकाका आज रांगेत माझ्या पुढेच होते. रुमालानं टक्कल पुसत म्हणाले, "काय हो हे ऊन! इथे पत्र्याची शेड हवी. अर्ज करू या. तुमची सही लागेल हं."

"मागच्या वेळी न वाचता केली, तशीच करू?"

तेवढ्यात सावली सरकली, आणि आम्ही दोघंही सरकलो.