तीनप्रतचा गुरुवार

तीनप्रतने शेजारच्या गावात दुसरा संसार थाटलाय, ही बातमी मला न्हाव्याच्या दुकानात, गळ्याभोवती कापड आवळलेलं असताना कळली. अशा वेळी माणसाला उठून जाता येत नाही. खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं.

"दर गुरुवारी अर्धी रजा," न्हावी कात्री थांबवून सांगू लागला. "दोनची बस. इस्त्रीचा शर्ट. चापून बसवलेले केस. हातात बिस्किटांचा पुडा. आता तुम्हीच सांगा, पंचावन्नाव्या वर्षी माणूस बिस्किटं घेऊन कुणाकडे जातो?"

"आधी मान सोड, मग सांगतो," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत त्या संसारात एक मुलगा जन्माला आला. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात तो रांगायला लागला. त्याच्या पाठची मुलगी मात्र माझी भर. मुलगा एकटा वाढू नये असं मला वाटतं.

आता हा तीनप्रत कोण, ते सांगायला हवं. नगरपालिकेचा पावतीवाला. चुकीच्या जागी गाडी लावली, उलट्या बाजूने घुसवली, की हा हजर. तीस वर्षं रस्त्यावर उभं राहून दंडाच्या पावत्या फाडत होता. प्रत्येक पावती तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून: एक चालकाला, एक कचेरीला आणि एक फळ्यावर. सवय इतकी हाडीमाशी भिनलेली, की लग्नाचा होकारही त्याने तीन प्रतींत दिला, असं त्याचा मेहुणा सांगतो. मेहुणा पक्का थापाड्या आहे, पण हे पटण्यासारखं आहे.

आमच्या पावतीवर सगळ्यात खाली एक रकाना होता: 'चालकाचे म्हणणे'. तीनप्रत तिथे माणूस बोलेल ते शब्दन्‌शब्द उतरवायचा आणि तिसरी प्रत पालिकेबाहेरच्या फळ्यावर टाचायचा. सकाळी लोक वर्तमानपत्राआधी तो फळा वाचत. 'बायको पडदे बघायला आत गेली ती अजून आतच आहे.' 'गाडी माझी नाही, साडूची आहे. त्याची खोड जिरायलाच हवी होती.' 'ब्रेक लागत नव्हता. लागला तेव्हा ही जागा आली.'

गुन्हेसुद्धा आमचेच, पालिकेने ठराव करकरून जमवलेले. एकूण चौऱ्याहत्तर. कलम बारा: दुसऱ्याने राखलेल्या सावलीत गाडी लावणे. कलम एकतीस: नवराबायकोने उभ्या गाडीत भांडत बसून जागा अडवणे. कलम बावन्न: घरच्या माणसाला खाली बोलावण्यासाठी दोनपेक्षा अधिक वेळा हॉर्न वाजवणे. दोनदा चालतो. माणूस आंघोळीला बसलेला असू शकतो.

आणि मग वरून हुकूम आला. सगळ्या गावांना एकच पद्धत. विटेएवढं एक यंत्र, त्यात बावीस गुन्हे, रकाना नाही. सहा महिन्यांनंतरच्या एक तारखेपासून सुरू. ज्या पावतीवाल्याला यंत्र चालवता येणार नाही त्याला पर्यायी काम.

आमच्या पालिकेकडे पर्यायी काम एकच होतं: गावाबाहेर नऊ किलोमीटरवरचं पंपघर. तिथे एकट्याने बसायचं आणि तासातासाला पाण्याच्या दाबाची सुई बघून आकडा लिहायचा. आधीचा माणूस शेवटी शेवटी सुई वर गेली की "या, बसा" म्हणायला लागला होता.

हुकूम आला त्या दिवशी तीनप्रत माझ्या कट्ट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "काका, सुईशी माझं जमायचं नाही हो. ती थाप मारत नाही."

त्याला अजून तीन वर्षं नोकरी होती. तीन वर्षं थापा न ऐकता हा माणूस जगणार कसा, असं मलाही वाटून गेलं.

पालिका मात्र पेटून उठली. आमच्या अध्यक्षबाई पूर्वी शाळेत कवायत शिकवायच्या. शिट्टी अजून गळ्यात. त्यांनी सभेत ठराव केला: 'सदर यंत्रास चालकाचे म्हणणे ऐकू येत नाही. सबब ते बहिरे असून पालिकेच्या सेवेत घेण्यास वैद्यकीयदृष्ट्या अपात्र आहे.' वरून उत्तर आलं की यंत्र हे कर्मचारी नव्हे. पालिकेने उलट विचारलं, मग ते दंड कोणत्या नात्याने करणार?

या वादात यंत्राचं खोकं आलं. सही करून घ्यायला कुणी पुढे होईना. आणणाऱ्याने ते पायऱ्यांवर ठेवलं आणि पळ काढला. कलम नऊ: पायऱ्या अडवणे. बाईंच्या सांगण्यावरून तीनप्रतने खोक्यावर पावती फाडली. म्हणणे: 'काही बोलले नाही.'

तिथून तीनप्रत गावाचा हिरो झाला. सभागृहात त्याचा फोटो लागला. एक तारखेला सगळ्यांसमक्ष तोच यंत्र परत करणार, असं ठरलं. "आमचा माणूस त्याला बोटसुद्धा लावणार नाही!" बाईंनी जाहीर केलं. आमच्या माणसाला काय वाटतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. मी मुलीचं नाव ठरवत होतो.

गुरुवारची बस चालूच होती. आमच्या गल्लीतल्या मावशीला राहवेना. तिने कपडे वाळत घालताना त्याच्या बायकोला गाठलंच.

"गुरुवारी कुठे जातात गं हे?"

"मला काय ठाऊक!"

"अगं, विचारत का नाहीस?"

"विचारलं तर लिहून देतील, मावशी. तीन-तीन प्रती मी ठेवू कुठे?"

मावशी तोंडात मारल्यासारखी परतली.

शेवटच्या महिन्यात वरचे साहेब स्वतः पाहणीला आले. गाडी नेमकी चांभाराने राखलेल्या सावलीत लावली. तीनप्रत पुढे झाला.

"मी कोण आहे, माहीत आहे का?" साहेब गरजले.

तीनप्रतने शांतपणे लिहिलं: 'आपण कोण आहोत याची चौकशी करीत होते.'

साहेबांनी दुसऱ्या सकाळी फळा वाचला. सगळ्या गावासोबत. तिथेच उभं राहून ते म्हणाले, "एक तारखेला मी जातीने येतोय. हा माणूस माझ्यासमोर यंत्र चालवेल तर रस्त्यावर राहील. नाही तर त्याच दिवशी पंपघर. आदेश सही करूनच आणतो."

बाई म्हणाल्या, "खुशाल आणा. आम्ही झुकणार नाही!" पंपघरात बाईंना जायचं नव्हतं, म्हणून त्यांचा कणा अगदी ताठ होता.

एक तारखेला पालिकेपुढे मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी शिट्टी फुंकली. खोकं फोडलं. तीनप्रतने यंत्र दोन बोटांत धरून साहेबांना परत द्यायचं आणि ठराव वाचायचा, असं ठरलं होतं.

त्याने यंत्र हातात घेतलं. ठरावाकडे बघितलं. साहेबांच्या हातातल्या आदेशाकडे बघितलं. आणि यंत्राकडे न बघता कडेचं बटण दाबलं. यंत्र पीक्‌ करून बोललं.

"अहो, काय करताय? बोट नाही लावायचं!" बाई दातांतून म्हणाल्या.

"बाई, सुई नको," तीनप्रत म्हणाला.

त्याने इकडेतिकडे नजर टाकली. पालिकेच्या फाटकात, बरोब्बर मधोमध, एक स्कूटर आडवी उभी होती. बाईंची. त्याने नंबराचा फोटो काढला, टकटक तीनदा बोट मारलं आणि बाहेर आलेला कागद हिसका देऊन वरच्या दिशेने फाडला, शंभरदा फाडल्यासारखा. सगळं मिळून आठ सेकंद.

बाईंनी कागद वाचला. "कलम चार? चार म्हणजे गुरं मोकळी सोडणे!"

"ते आपल्यात. त्यांच्यात चार म्हणजे फाटक अडवणे."

"तुम्हाला त्यांची कलमं पाठ आहेत?"

"बावीसच आहेत, बाई."

गर्दीला टाळ्या वाजवाव्यात की शिव्या द्याव्यात, ते कळेना. "फितूर!" असं मागून न्हावी ओरडला खरा, पण लगेच खाली बसला, कारण त्याची गाडीही तिथेच होती. साहेबांनी आदेश घडी करून खिशात घातला.

"आणि माझं म्हणणं?" बाईंचा आवाज चिरकला. "ते कुठे लिहिणार?"

"रकाना नाही, बाई." तीनप्रतने यंत्र काखेत मारलं. "पण सांगा ना. मी ऐकतो."

बाई पाऊण तास बोलल्या. तो पाऊण तास उन्हात उभा राहून ऐकत होता, मान हलवत, मधूनच "बरं, मग?" म्हणत. इतकं सुखी मी त्याला सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. संध्याकाळी पालिकेने त्याच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर केला आणि त्याचा फोटो उतरवला. दुसऱ्या सकाळी तो नेहमीच्या कोपऱ्यावर उभा होता.

राहिला दुसरा संसार. तो नव्हता. शेजारच्या गावाने यंत्र आधीच घेतलं होतं, आणि दर गुरुवारी तीनप्रत तिथल्या पालिकेत जाऊन पावतीवाल्या बाईंकडून ते चालवायला शिकत होता. पाच महिने लागले.