लवंगाच्या तेलातला हिरा

माझ्या सासूबाईंच्या चमकीतला हिरा मी भर सकाळी, तीन माणसांदेखत, वाटीभर तेलात नाहीसा केला आणि त्याबद्दल आजतागायत कोणाची माफी मागितलेली नाही. मागणारही नाही. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रयोग बरोबर आला तर शिक्षकाने माफी मागायची पद्धत नाही.

झालं असं. आम्ही सुरतेत, उधन्याला राहतो. एका रविवारी सासूबाई मेथी निवडत असताना नाकातल्या चमकीचा खडा निसटून ताटात पडला. नेमक्या तेव्हाच समोरच्या जशोदाबेन विरजण मागायला आल्या होत्या. त्यांचे यजमान हिरे घासायचं काम करतात, त्यामुळे त्या स्वतःला निम्म्या जव्हेरी समजतात. त्यांनी खडा बोटाच्या टोकावर घेतला, खिडकीशी धरला आणि हळूच म्हणाल्या, "मासी, आ तो काच छे."

सासूबाईंचा चेहरा उतरला. ही चमकी त्यांच्या आईची. खानदेशातून सुरतेला आल्या तेव्हा अंगावर तेवढाच एक दागिना होता, आणि तो नातीच्या लग्नात तिला द्यायचा हे त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलेलं. जशोदाबेन म्हणाल्या, यांना दाखवू का? सासूबाईंनी मान उडवली. माझ्या नाकातलं परक्या पुरुषाला कशाला दाखवू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. माझे यजमान डोळ्यांनी तसं सुचवतही होते. (ते बँकेत आहेत. धोका त्यांना लांबून दिसतो.) पण सासूबाईंचा अपमान मला सहन होईना. हिरा खरा आहे हे मी आत्ता सिद्ध करते, असं मी जाहीर केलं आणि यजमानांना खाली पिटाळून आयुर्वेदिक दुकानातून लवंगाच्या तेलाच्या सहा बाटल्या आणवल्या. दुकानदाराने विचारलं म्हणे, घरात सगळ्यांचीच दाढ दुखतेय का?

काचेच्या वाटीत तेल ओतून मी तास घ्यावा तशी उभी राहिले. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना त्या दोघांच्या सीमेवर थोडा वळतो, थोडा मागे परततो. म्हणून तर पारदर्शक वस्तूही आपल्याला दिसते. पण काच आणि लवंगाचं तेल प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात. मग प्रकाशाला मध्ये सीमा आहे हेच कळत नाही आणि काच गायब होते. हिरा मात्र प्रकाशाला इतका जबरदस्त वळवतो की त्याला कुठल्याच तेलात लपता येत नाही.

"तेव्हा आई, बघा आता," असं म्हणून मी खडा सोडला.

तो गेला. बुडाला म्हणजे गेलाच. मी वाटी डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली, चष्मा पुसून पाहिली. घरात फक्त वास राहिला.

जशोदाबेन विरजण न घेताच निघाल्या, पण दारापर्यंतच. पुढचं बघायचं होतं त्यांना. यजमानांनी खडा शोधायला तेलात बोट घातलं आणि त्याच बोटाने डोळा चोळला. मग ते मोरीकडे धावले. मी तेल चहाच्या गाळणीतून गाळलं, गाळणीत काही आलं नाही. मग यजमानांच्या धुतलेल्या पांढऱ्या रुमालातून गाळलं आणि चाचपून चाचपून एकदाचा तो खडा बोटाला टोचला. पुसल्यावर पहिल्यासारखाच लखलखला, निर्लज्ज मेला.

मी काहीतरी बोलणार होते. सासूबाईंनी माझ्या हातातून खडा घेतला, चमकीत बसवला, दाबला आणि चमकी सगळ्यांसमोर नाकात घातली. लवंगाच्या झणक्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लवंगाच्याच, असं त्या म्हणाल्या.

"मन्ही मायनी दिन्ही शे," त्या जशोदाबेनकडे बघून म्हणाल्या. आईने दिलेली आहे, एवढंच. त्यापुढे काच की हिरा हा प्रश्नच उरला नाही. जशोदाबेननी विरजणासाठी आणलेली रिकामी वाटी पुढे केली.

मीही मागे हटले नाही. नियम बरोबर होता, तेल बरोबर होतं, सिद्धांत शंभर टक्के खरा ठरला, असं मी ठासून सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तेलाची वाटी माझ्यासमोर सरकवली.

"आते तुन्ही आंगठी टाक."

माझी साखरपुड्याची, हिऱ्याची अंगठी. यजमानांनीच एकट्याने जाऊन आणलेली. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचा दुसराही डोळा अचानक झोंबायला लागला आणि ते पुन्हा मोरीकडे गेले.

मी वाटी उचलली आणि तेल परत बाटल्यांमध्ये भरून ठेवलं. सिद्धांत एकदा सिद्ध झाला की तो परत परत तपासत बसू नये, असं हल्ली मी वर्गातही शिकवते.