एटीव्हीचा प्लग

आमची एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची चार चाकी मोटरसायकल, अकोल्याच्या एका हौशी गृहस्थाची जुनी. संत्र्याच्या बागेत हे काय खूळ, असं परतवाड्यातल्या नातेवाइकांनी विचारलंच. विचारू द्या! पाय मोडल्यापासून ह्यांना ढेकळांतून चालता येत नव्हतं. घरामागची स्वतःची बाग, पण आतल्या ओळी वर्षभर पाहिलेल्या नाहीत.

आणि ही बया बांधापर्यंत गेली की फटफट करून बंद. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढावा तर काजळीने काळा. मेकॅनिकने बाकी सगळं तपासलं आणि प्लग बदला म्हणाला. मी जुना प्लग रुमालात बांधला आणि अमरावतीची बस धरली.

दुकानदाराने दोन प्लग काढले. जाडी सारखी, उष्णतेचा नंबरही एकच. फक्त आट्यांचा भाग एकाचा जुन्याइतका आखूड, दुसऱ्याचा लांब.

"जुन्यासारखाच न्या, काकू. लंबा टाकला अन् पिस्टनले लागला, तं इंजिन गेलं समजा."

पटलं. आखूड उचललाही. पण मी ब्लाउज शिवणारी बाई. मापाला आणलेला ब्लाउजच चुकीचा शिवलेला असला, तर नवाही तसाच बिघडतो, हे मला नवं नाही. जुना प्लग तरी कोणी मापून बसवला होता?

तिथूनच घरी फोन लावला. "अवो, प्लगच्या भोकात आटे कुठवर गेले, मोजा बरं. तारेले बारीक आकडा करा, आट्यांच्या खालच्या काठाले अडकवा अन् वर खूण करा. माहा टेप मशीनवरच हाये."

"मेकॅनिक कधीपासून झाली तू?" हे म्हणाले, पण गेले. मी फोन कानाला लावून उभी. दुकानदारही बाकीची गिऱ्हाइकं सोडून माझ्याकडे बघत राहिला.

"अवं, लई खोल हाये!" हे ओरडले. "दोन सेंटिमीटरले जरासं कमी!"

दुकानदाराने पट्टी लावली. लांब प्लग तंतोतंत! म्हणजे आखूड प्लगचं टोक भोकातच लपून बसत होतं आणि पेट्रोल धड जळत नव्हतं. मला तर दुकानातच नाचावंसं वाटलं.

घरी येऊन प्लग बसवला. आधी किक हाताने हळूच फिरवली. आत कुठे काही अडलं नाही. मग बटण दाबलं आणि काय तो आवाज! "थांबा, मलेबी येऊ द्या," मी म्हणेपर्यंत हे निघालेसुद्धा. बांध आला, गेला, आवाज थांबेना. मी अंगणात उभी राहून टाळ्या पिटल्या.

हे परतले ते धुळीने माखून, डोळे वटारून. "ठिबकची नळी फुटून पडली, गवत कंबरेइतकं झालं! तुमी लोकं करून काय राह्यले?"

पाय मोडल्यापासून हे कुणावर रागावलेच नव्हते. मी खुशीत हसतच सुटले.